दातांची टोपी

आप्पा, तुमच्या दातांची टोपी अजून माझ्याकडे आहे. प्लेगच्या भीतीनं गावी पळालेली माणसं सुरतेत परतली, त्या वर्षी तुम्ही ती करून घेतली होती. भेस्तानच्या लूमखात्यात, कापडाच्या मागांवर, रात्रपाळी करून तुम्ही दिवसा झोपायचात आणि झोपेत दात खायचात. अजून डोळ्यांपुढे येतं, भर दुपारी तुमच्या तोंडातून लूमचा ठेका ऐकू येतो आहे, खटखट, खटखट, आणि मी पुस्तक मिटून तुमच्याकडे बघत बसले आहे. फार भीती वाटायची मला.

दात झिजू नयेत म्हणून डॉक्टरांनी त्यांचा साचा घेऊन ती पारदर्शक टोपी बनवली. "काका, ये सिर्फ आपके मुँह में बैठेगा. और गरम पानी बिलकुल नहीं." पण आईला उकळल्याशिवाय काही स्वच्छ वाटायचं नाही. तिनं पहिली टोपी चहाच्या गाळणीसोबत उकळली, ती पापडासारखी वळली. तुम्ही हसलात, "आते मन्हा दातबी उकाळी टाक!" दुसरी आली तेव्हा धुण्याचं काम माझ्याकडे आलं. थंड पाणी, मऊ ब्रश, मग भोकांच्या डबीत.

तुम्ही गेलात. दहाव्याला तापीकाठी पिंडाला कावळा शिवेना. काकांनी माझ्या लग्नाचा शब्द दिला, आईनं हात जोडले. कावळे नुसते बघत राहिले. शेवटी मी पुटपुटले, "आप्पा, तुमची टोपी मी रोज धुईन." लगेच एक कावळा खाली उतरला. सगळ्यांचा जीव भांड्यात पडला, माझ्या मात्र अंगावर काटा आला.

तेव्हापासून धुते आहे. संध्याकाळी कोरडी करून ठेवते, सकाळी ती ओली असते. हवा दमट, असं मनाला समजावत आले. यंदा लेक बाळंतपणाला आली, मुलगा झाला, आणि एका दुपारी फळीवरच्या डबीतून तिनं तोच खटखट आवाज ऐकला. "मम्मी, आ डबी फेंकी दे. नहीं तो हूं बाबाने लईने कदी नहीं आवुं." बाळाला घेऊन कधी येणारच नाही म्हणे! नातवाचं तोंड बघायचं की तुम्हाला दिलेला शब्द पाळायचा? डबी घेऊन मी तापीच्या पुलावर गेले. सोडण्याआधी, का कोण जाणे, टोपी तोंडात घातली. दुसऱ्या कुणाला बसणारच नव्हती ना ती? बरोब्बर बसली.

नदीत सोडली ती रिकामी डबी. लेक आता बाळाला घेऊन येते, म्हणते, आवाज बंद झाला. हे पत्र टाकायला पत्ता नाही, आणि ते तिच्या हाती लागूही द्यायचं नाही, म्हणून फाडणार आहे. फळीवरून आवाज कसा येईल, आप्पा? दुपारी ती टोपी माझ्या तोंडात असते. झोप छान लागते.