कलम नऊ आणि कवितेचा तास

नेपरव्हिल, इलिनॉय
फाल्गुन वद्य चतुर्थी (इथे नुसता मंगळवार)

प्रिय पंडित,

तीर्थरूप लिहावं इतका तू मोठा नाहीस आणि चिरंजीव लिहावं इतकी दोघांच्याही आयुष्याची खात्री उरलेली नाही, म्हणून नुसतं प्रिय. तू क्युपर्टिनोला देवांगकडे सुखरूप पोहोचल्याचं कळलं. गुडघा कसा आहे? सून वारांच्या डबीत गोळ्या लावून देते का? (माझी देते. आज कोणता वार हे मला गोळ्यांवरूनच कळतं.) इकडे मार्च अर्धा सरला तरी अंगणात बर्फ आहे. चौथीच्या पुस्तकातल्या वसंताच्या कविता मी रोज खिडकीशी उभा राहून म्हणतो, पण इथल्या झाडांना मराठी येत नसावं. पुढचं सगळं फोनवरही सांगता आलं असतं. पण फोनवर तू मध्ये बोलतोस, आणि हे सांगताना कुणी मध्ये बोललं तर मला पुढे जाववणार नाही.

आमच्या मराठी मंडळाला घटना आहे, हे पन्नास वर्षं कुणाला ठाऊक नव्हतं. १९७४ साली मंडळ काढणाऱ्यांना घाई होती. त्यांनी एका बोलिंग क्लबाची नियमावली मागून आणली आणि 'बोलिंग'च्या जागी 'मराठी संस्कृती' टाइप करून दाखल केली. (कलम चारमध्ये अजून आहे की मराठी संस्कृती फक्त रबरी तळव्याच्या बुटांनीच करावी.) तो क्लब १९५१ सालचा. महायुद्ध संपून पाच-सहा वर्षं झाली होती आणि या देशाला कम्युनिस्टांची अशी धास्ती बसली होती की मास्तर, ग्रंथपाल, सिनेमावाले, दिसेल त्याच्याकडून शपथा लिहून घेत होते. बोलिंगवाल्यांनीच मागे का राहावं? म्हणून कलम नऊ: कार्यक्रमाची जबाबदारी घेणाऱ्याने लिहून द्यावं की मी कम्युनिस्ट पक्षात नाही आणि कधीही नव्हतो, असल्यास सोबत्यांची नावं द्यावीत.

हे कलम सापडलं आमच्या नव्या सेक्रेटरीला, शंतनूला. हॉलच्या इन्शुरन्ससाठी घटना जोडायची होती, तेव्हा त्या भल्या माणसाने ती आधी वाचली. बदलायची तर दोन-तृतीयांश सभासद समक्ष हवेत, आणि तेवढे फक्त गणपतीच्या जेवणाला जमतात, तेही मसालेभात संपेपर्यंत. तोवर सह्या करा म्हणाला. "जस्ट प्रोसेस आहे, काका." सगळ्यांनी पार्किंग लॉटमध्ये गाडीच्या बॉनेटवर कागद ठेवून सह्या ठोकल्या. मी मात्र वाचून पाहिला. वाचल्याशिवाय सही करायची नाही, ही सवय आपल्याला त्या वाचनालयानेच लावली ना.

आठवतं? अमळनेर, सायकलच्या दुकानावरची खोली, पक्षाचं वाचनालय. कवितांची पुस्तकं घरी न्यायची तर सभासद व्हावं लागे, म्हणून अकरावीत आपण दोघांनी पक्षाच्या विद्यार्थी शाखेत नावं घातली. क्रांती नीटशी कळली नाही, पण नऊ महिन्यांत दोन कपाटं वाचून झाली. मोर्चासाठी तू पद्य केलंस, 'उठा गड्यांनो, सरली रात, भोंगा वाजे गिरणीआत' (चालीत कुठेतरी एक मात्रा कमी पडायची, तिथे मी खोकायचो), आणि मी ते गिरणीच्या फाटकाशी म्हटलं. कामगारांनी कागदात बांधून भजी दिली. एवढाच आपला साम्यवाद. पण 'कधीही नव्हतो' असं कसं लिहू? कविता म्हटल्यावर कुणी आपणहून खायला दिलं, असं माझ्या आयुष्यात एकदाच घडलं आहे. तेच नाकारायचं?

सही नाही, तर पाडव्याच्या कार्यक्रमातला माझा 'कवितेचा तास' नाही. चाळीस मिनिटं, मी बारा वर्षं चालवतो. यंदा त्यात माझी नात रुही पहिल्यांदा म्हणणार आहे. बारा कडवी तोंडपाठ. निम्म्या शब्दांचा अर्थ तिला ठाऊक नाही, पण ती 'ळ' म्हणते तेव्हा मी भिंतीकडे तोंड करून बसतो. पुढच्या वर्षी ती कॉलेजला लांब जाईल, मग कुणाचा 'ळ' आणि कुणाचं काय. तू प्रमुख पाहुणा, म्हणून अध्यक्ष लताताईंनी डेव्हन ॲव्हेन्यूवरच्या देशी दुकानातून शालही आणून ठेवली होती.

रुहीला हा सगळा काळ इतिहासात आहे. ती म्हणाली, त्या चौकश्यांमध्ये ज्यांनी मित्रांची नावं घेतली त्यांच्या नोकऱ्या राहिल्या, ज्यांनी घेतली नाहीत त्यांच्या गेल्या. "आजोबा, जे काय होईल ते होईल, डोन्ट नेम एनीवन." मी हो म्हणालो.

माझी चौकशी लताताईंच्या बेसमेंटमध्ये झाली. बटाटेवडे होते.

"काका, तुम्ही 'नो' लिहा आणि वडे गरम आहेत तोवर घ्या," लताताई म्हणाल्या.

"पण मी होतो."

"साठ वर्षं झाली, यार काका," डान्सवाली हर्षिता म्हणाली. "आणि तास गेला तरी टेन्शन नका घेऊ, आमचा मॅशअप चाळीस मिनिटांचा करता येतो."

शंतनूने तोच फॉर्म लॅपटॉपवर उघडून 'येस' दाबलं, तसा खाली चौकोन उघडला: नाव आणि ई-मेल. "हा रिकामा सोडता येत नाही, काका. लाल तारा आहे बघा." (साठ वर्षांनी गाठलंच त्याने.) मी वाचनालयाच्या कमलाबाईंचं नाव सांगितलं, सायकलवाल्याचं सांगितलं. पण स्वर्गवासी माणसांना ई-मेल नसतो. शेवटी फॉर्म गेला. तास वाचला.

थकलो रे. मोठ्यांना नमस्कार लिहायला आता मोठं कुणी उरलेलं नाही, सगळे नमस्कार तूच ठेवून घे.

तुझा,
प्रफुल्ल

ता.क. तो चौकोन रिकामा गेला नाही. हयात आणि ई-मेलसकट असा तूच होतास. नावाचं स्पेलिंग मी सांगितलं.

ता.क. २. कलम नऊ पाहुण्यांनाही लागू आहे म्हणे, म्हणून तुझं निमंत्रण कॅन्सल केलं आहे. शाल मला देणार आहेत. मी नको म्हणालो, पण एकदाच म्हणालो.

ता.क. ३. रुहीला कळलं. ओरडली असती तर बरं झालं असतं. नुसतं "ओके" म्हणाली आणि कवितेची वही माझ्या टेबलावर ठेवून गेली. काल विवेकने, तिच्या बापाने, समजूत घातली तेव्हा म्हणाली, ज्यांचं नाव घेतलं ते पहिल्या रांगेत बसले तर म्हणेन. तेव्हा पत्राचं कारण एवढंच की तू ये. पाहुणा म्हणून नाही, नुसता ये. विवेक विमानतळावर घ्यायला येईल. मी गाडीतच बसेन, तुला हवं तर मागच्या सीटवर.

ता.क. ४. शंतनूचा तोच फॉर्म तुलाही येईल. तोही नाव मागेल. संकोच करू नकोस, माझं लिही. मला बरं वाटेल.