उसन्या नाकाने निवडलेला कावा

२ सप्टेंबर

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

फोनवर तू लगेच हवापाण्यावर घसरतोस, म्हणून पत्र. पत्राचा विषय बदलता येत नाही. तुझ्या भाचीच्या लग्नाची तारीख ठरली. महिनाअखेरच्या रविवारी सकाळी नोंदणी आणि दुपारी आमच्याच घरी चाळीस माणसांचं जेवण. तिने कपड्यांचा हट्ट धरला नाही, दागिन्यांचा नाही. एकच हट्ट आहे. जेवणाआधी सगळ्यांच्या हातात स्पेनची ती बुडबुड्यांची, गोड नसलेली वाइन हवी, आणि ती मामानेच निवडलेली आणि मामानेच ओतलेली हवी. तिचं नाव कावा असं कळल्यापासून तुझे भावोजी घरभर गनिमी कावा, गनिमी कावा करत हिंडतात आणि दर वेळी स्वतःच हसतात.

मी औषधांच्या दुकानात तीस वर्षं बाटल्या हाताळल्या, पण या बाटल्यांपुढे माझी मती गुंग झाली. दुकानात फळीभर कावा उभा होता. एकीवर ब्रूट, दुसरीवर ब्रूट नेचर, तिसरीवर सेको. मी हात हलवत परत आले. आता हातातलं काम टाकून या खोलीतून त्या खोलीत फिरते. तू एक दिवस ये, चाखून सांग आणि मला मोकळं कर.

लोभ असू दे, आणि या खेपेला उत्तरही असू दे.
तुझी ताई


८ सप्टेंबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

भाचीला माझा आशीर्वाद. सध्या हॉटेलात श्वास घ्यायला फुरसत नाही, त्यामुळे आधी येणं जमेलसं दिसत नाही. नियम मात्र लिहितो.

सेकोला हात लावू नकोस. सेकोचा अर्थ कोरडी, म्हणजे गोड नसलेली, पण लेबल वाचून फसशील, ती गोडसर असते. ब्रूट घे, ती खरी कोरडी. ब्रूट नेचरमध्ये साखर जवळजवळ नसते. रिझर्वा लिहिलेली बाटली जास्त महिने मुरलेली असते. बाटल्या आदल्या दिवशीच फ्रिजमध्ये ठेव. पेले उंच आणि निमुळते असावेत, आणि साबणाचा अंश राहू देऊ नकोस, नाहीतर बुडबुडे मरतात. तार सोडवताना अंगठा बुचावरून काढायचा नाही. बाटली तिरकी धरायची, बूच घट्ट पकडायचं आणि फिरवायची ती बाटली. धडाका झाला तर ओतणारा कच्चा समजावा. बाटलीने फक्त सुस्कारा टाकला पाहिजे.

कोणती घ्यायची ते दुकानदाराला विचार. तो सांगेल ते बरंच असेल.

भावोजींना नमस्कार. माया आहेच, ती आटू देऊ नये.
तुझा धाकटा


१२ सप्टेंबर

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद, जरा कमीच.

दुकानदाराला विचार, असं तू लिहिलंस? लहानपणी स्वयंपाकघराच्या दारात उभा राहून आज मीठ घालायचं राहिलंय हे वासावरून सांगणारा तू. ज्याच्या शब्दावर हॉटेलातल्या वाइनची यादी ठरते तो तू. आणि सख्ख्या भाचीच्या लग्नाला दुकानदार?

मी पोरीला पत्र वाचून दाखवलं. नंतर तिने एवढंच विचारलं की मामाला आपल्या घरचं काम हलकं वाटतं का. मी नाही म्हणाले, पण माझाच आवाज मला खोटा वाटला.

तुझं काहीतरी बिनसलंय. मला हॉटेलच्या नियमांची वही नको, तुझं खरं काय ते लिही. त्याशिवाय लोभाची ओळ मी लिहिणार नाही.
ताई


१७ सप्टेंबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

हे पत्र चार वेळा लिहायला घेतलं आणि चार वेळा उठून खिडकीशी गेलो.

ताई, मला वास येत नाही. फेब्रुवारीत तो ताप आला होता ना, तो गेला आणि जाताना वास घेऊन गेला. डॉक्टर म्हणतात, येईल किंवा येणार नाही. जिभेला गोड, आंबट, खारट कळतं. बाकी सगळं गरम किंवा गार पाणी. परवा शेगडीवर दूध करपून कोळसा झालं आणि मी शेजारच्या खोलीत पेपर वाचत बसलो होतो. शेजारीण दार वाजवत आली.

हॉटेलात कुणाला सांगितलेलं नाही. सात महिने मी पेला हलवतो, नाक खुपसतो, डोळे मिटतो. मग सोबत काम करणाऱ्या बाईंना सहज विचारल्यासारखं विचारतो की तुम्हाला काय वाटतं, आणि त्या सांगतील त्यावर मान डोलावतो. गेल्या आठवड्यात त्या रजेवर होत्या. मी चाखून पास केलेली बाटली एका पाहुण्याने परत पाठवली. बूच बिघडलेलं होतं. भिजलेल्या पुठ्ठ्यासारखा वास असतो त्याला, शिकाऊ माणसालाही कळतो. तेव्हापासून माझा पाय एका जागी ठरत नाही.

तुमचं काम हलकं नव्हतं. मला तिच्या लग्नात नाटक करायचं नव्हतं. तिला काय सांगायचं ते तू ठरव.
धाकटा


२१ सप्टेंबर

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद. मागच्या वेळी कापलेलेही परत घे.

तुझं पत्र वाचून आधी रडले, मग तुझा राग आला. सात महिने एकट्याने वाहिलंस आणि आम्ही काय मेलो होतो? मग पदर खोचला आणि दुकानात जाऊन तीन बाटल्या आणल्या. पोरीला सगळं सांगितलं आहे. ती म्हणाली की मामाने डोकं लावावं, नाकं आपण लावू.

बाटल्यांवर औषधाच्या चिठ्ठ्या डकवून एक, दोन, तीन केलं. एक, साधी ब्रूट: हिरवं सफरचंद कापल्यासारखा वास, बुडबुडे मोठे, चव तोंडातून लगेच पळाली. दोन, ब्रूट रिझर्वा: पाव भाजताना कड तांबूस होते तेव्हाचा वास, मागाहून बदामाच्या सालीचा. बुडबुडे बारीक, सुईसारखे. गिळल्यावरही चव रेंगाळली. तीन, ब्रूट नेचर: ओल्या पाटीचा वास, चव लिंबूपाण्यात साखर आणि मीठ दोन्ही विसरल्यासारखी. तुझ्या भावोजींनी तोंड असं केलं की मला फोटो काढावासा वाटला. दोन पेल्यांनंतर त्यांचा गनिमी कावा गाण्यावर गेला, म्हणून मी परीक्षा थांबवली.

जेवणात तळलेले मासे आणि खारे बदाम आहेत. आता सांग. आणि तू येणार आहेस, हे मी विचारत नाही, कळवते आहे.

लोभ पूर्ववत, किंचित वाढीव.
ताई


२४ सप्टेंबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

दोन नंबर. तू लिहिलेली भाजलेल्या पावाची कड वाचली आणि मला ती वाइन चक्क दिसली. तळणीला आणि खाऱ्या बदामाला तीच हवी. तिसरी उत्तम आहे, पण ती शौकिनांची. चाळीस पाहुण्यांसमोर तिला उभी करू नये. एका बाटलीत सहा पेले धर आणि दोन जास्तीच्या घे.

येतो आहे. बॅग दोनदा भरली, दोनदा रिकामी केली. सगळ्यांसमोर बाटली उघडायची आणि तिच्यात काय आहे हे आपल्यालाच ठाऊक नाही, हा विचार सुटत नाही. तरी येतो.

आहे तशी माया राहू दे, एवढं पुरे.
धाकटा


६ ऑक्टोबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पोचलो. त्या दुपारी तू मासे तळत होतीस, म्हणून बाहेर काय झालं ते तुला कुणी धड सांगितलं नसेल. मी सांगतो.

चार बाटल्या नीट सुस्कारल्या. प्रत्येक पेल्यात आधी थोडं, फेस बसला की पुन्हा थोडं, हात आपोआप चालत होते. पाचवी उघडली, पेल्यात घोटभर ओतली आणि सवयीने पेला नाकाशी नेला. व्याही शेजारीच उभे होते. ते म्हणाले, जाणकाराचं मत ऐकू द्या. वाक्य तयार होतं ताई, सात महिन्यांचा सराव होता. मी डोळेही मिटले. उघडले तर समोर नवरी. मी पेला तिच्या हातात दिला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं की माझं नाक बंद पडलंय, आता तू सांग.

तिने हुंगलं आणि म्हणाली, पावसात भिजलेलं खोकं. व्याह्यांनी हुंगून सांगितलं की त्यांना तर ठीक वाटते. पोरगी हटली नाही. मी बाटली बाजूला ठेवून सहावी घेतली. मग व्याह्यांनी हळूच विचारलं, कधीपासून? मी सांगितल्यावर म्हणाले की त्यांना डाव्या कानाने सहा वर्षं ऐकू येत नाही, आणि त्या बाजूला बसणाऱ्या प्रत्येकाच्या बोलण्याला ते हो म्हणत आले आहेत. विहीणबाई त्यांच्या डावीकडेच उभ्या होत्या. पुढचं तू ऐकलंच असशील.

परत येऊन सोमवारी हॉटेलच्या मालकीणबाईंना सांगितलं. त्यांना संशय होताच. वास गेल्याचा राग नाही, लपवल्याचा आहे, असं त्या म्हणाल्या, आणि तो राग अजून गेलेला नाही. निवडीचं काम त्या सोबतच्या बाईंकडे गेलं, वाइनच्या तळघराची किल्लीही. उघडणं, ओतणं आणि नव्या लोकांना शिकवणं माझ्याकडे राहिलं. दुपारी चार वाजता चाखायला बसतात तेव्हा मला आत थांबवत नाही. मी हॉटेलभोवती एक फेरी मारून येतो. काल दोन मारल्या. पण पेला हातात घेऊन डोळे मिटायचे नाहीत, हे सुख मोठं आहे.

एक मागणं आहे. यापुढे पत्र लिहायला बसशील तेव्हा घरात कसला वास येतोय तो पहिल्या ओळीत लिहीत जा. आशीर्वाद नंतर लिहिलेस तरी चालतील.

तुझा धाकटा