बत्तीसच्या बत्तीस

ताई,

पुस्तकाच्या मलपृष्ठासाठी आज फोटो काढून घेतला. लहानपणी तू दटावायचीस ना, "तोंड मिट, दात दिसतात"? त्याच सवयीनं ओठ घट्ट मिटून बसले. फोटोग्राफर वैतागला. "मॅडम, पुस्तक विनोदी आहे ना? कुणी दम दिलाय का तुम्हाला?"

"बहिणीनं," म्हणत मी तुझी नक्कल करून दाखवली आणि मलाच हसू फुटलं. तेवढ्यात त्यानं बटण दाबलं. बत्तीसच्या बत्तीस दात आलेत, आणि मला तोच फोटो आवडला.

पुस्तकात तुझ्यावर लिहिलंय हे कळल्यापासून तू अबोला धरलायस. त्यामुळे हे पत्र टाकत नाही, छापून आलं की पुस्तक तेवढं पाठवेन. रागानं पालथं टाकलंस, तरी मी तुझ्याकडे बघून हसतच असेन.

तुझीच,
दाताळ