चाळीस कोंबड्यांचं बाळंतपण

लोमा आल्ता, ६ एप्रिल १९९४

चि. आर्सेनिओ यास एर्मेलिंडाताईचे अनेक आशीर्वाद.

बसवाल्याने तुझं खोकं उतरवून दिलं. पन्नास पांढरी पिल्लं! अरे, तुझ्या नुबियाचे दिवस भरणार ऑगस्टात. ही जात सात आठवड्यांत फुगते आणि मग स्वतःच्याच वजनाने तिचे पाय मोडतात. ऑगस्टपर्यंत थांबा, असं त्यांना कोण सांगणार? उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग बांधतो, तू तर बाप व्हायला निघालास.

आपल्याकडे बाळंतिणीला चाळीस दिवस रोज एक कोंबडी, हे खरं. पण रस्सा लागतो तो सावकाश वाढलेल्या कोंबडीचा. उघड्या मानेच्या गावरान जातीची अंडी मी केव्हाच खुडूक कोंबड्यांखाली ठेवली आहेत.

खरं सांगू, मी दमले आहे. गुडघे साथ देत नाहीत. माझी रोसाल्बा माद्रिदहून लिहिते, आई, खुराडं मोड आता. ईस्टरनंतर मोडणारच होते. पण नुबियाला आई नाही आणि तुमच्याकडे इतक्या वर्षांनी पाळणा हलणार, म्हणून हे शेवटचं. आणखी खोकी पाठवू नकोस.

लोभ आहेच, तो राहू दे.
तुझी ताई

बुकारामांगा, २० मे

ती. ताईस सा. न. वि. वि.

चुकलो. दुकानदार म्हणाला लवकर तयार होतात, मी तेवढंच ऐकलं. डॉक्टरांनी नुबियाला पडून राहायला सांगितलंय, आणि पडल्या पडल्या तिला प्रश्न सुचतात. रोसाल्बाच्या वेळी तुझ्यासाठी चाळीस कोंबड्या कोणी वाढवल्या, असं विचारत होती. तूच सांग. मी नऊ वर्षांचा होतो. तेव्हा घरात रोज रस्सा असायचा आणि मी दोन दोन वाट्या प्यायचो, एवढंच आठवतं.

रागावली असलीस तरी माया कमी करू नकोस.
आर्सेनिओ

लोमा आल्ता, ५ जून

चि. आर्सेनिओ यास अनेक आशीर्वाद.

पांढऱ्या संपल्या. सहा उन्हात बसल्या जागी धापा टाकून गेल्या. उरलेल्या मी एकटीने दोन दिवसांत कापल्या, पिसं काढली आणि वाडीत वाटल्या. बोटं अजून मिटत नाहीत. उघड्या मानेची बेचाळीस मात्र ठणठणीत आहेत. दिवसभर उकरत हिंडतात, वजन धरायची त्यांना घाई नाही.

माझ्या चाळीस कोंबड्या आईने जाण्याआधी वाढवून ठेवल्या होत्या. तीन मी खाल्ल्या. चौथ्या दिवशी उठले, कारण चूल पेटवायला दुसरं कोणी नव्हतं. तुम्ही तिघं भावंडं दारात उभी राहायचात, तुमच्यासमोर मला घास गिळवेना. तेव्हापासून बसलेच नाही, असं वाटतं. जाऊ दे, हे नुबियाला सांगू नकोस.

तिला जप.
ताई

बुकारामांगा, २५ ऑगस्ट

ती. ताईस सा. न. वि. वि.

मुलगी झाली. दोघी सुखरूप आहेत.

तू नको म्हणालीस, तरी तुझं पत्र मी नुबियाला दाखवलं. मला फार लाज वाटली. ती म्हणाली, "ताईंचे सदतीस दिवस राहिलेत."

पुढच्या शुक्रवारी आम्ही तिघं तिकडे येतोय. मी रजा काढली आहे. कापणं, पिसं काढणं, चूल, सगळं माझ्याकडे. पुढच्या खोलीत दोन खाटा मीच घालीन, एक तिची, एक तुझी. कोंबडी रोज एक, वाट्या दोन, आणि पहिली वाटी तुझी. बाळ रडलं तरी तू उठायचं नाहीस.

धाकटा असून सांगतोय, एवढं ऐक.
तुझा आर्सेनिओ