सातवा रकाना

१४ मार्च, शनिवार

प्रिय ताई,

‘स. न. वि. वि.’ बँकेच्या पत्रांत दिवसभर टाइप करते, म्हणून तुला नुसता नमस्कार. बाबांच्या डोळ्याचं ऑपरेशन नीट झालं. आता त्यांना कोपऱ्यातली जळमटं दिसतात आणि मला बोलणी बसतात. भाऊजींची बोटं वळायला लागली का?

तुझा अर्ज सोमवारी पोचला. माझ्याच टेबलावर. आजारपणात, अपघातात कर्जाचे हप्ते भरणारा विमा ज्यांच्या गळ्यात चुकीचा मारला, त्यांचे पैसे परत करायचा हुकूम झाला, तेव्हापासून मी त्याच विभागात आहे. तुला बोलले नव्हते. रोज एखाद्या तरी कागदावर माझीच जुनी सही निघते.

सातव्या रकान्यात विचारलंय, विमा घ्यावाच लागेल असं कोणी सांगितलं? तू लिहिलंस, ‘आठवत नाही’. ताई, माझ्या पहिलीच्या बाईंची साडी कुठल्या रंगाची होती तेही तुला आठवतं.

नाव नसलेला अर्ज परत जातो, आणि मुदत शुक्रवारपर्यंतच होती. साहेबांना म्हटलं, अर्ज बहिणीचा आहे.

“मग पाठवा परत. तारीख उलटली की सुंठीवाचून खोकला गेला,” ते म्हणाले. “तुमच्या घराचं कर्ज स्टाफच्या व्याजदरावर आहे ना? नोकरी गेली की तो दरही जातो.”

मी जागेवर येऊन बसले. तुझा अर्ज पुन्हा उघडला.

इतकी वर्षं मी ‘तो विमा बँकेनं दिला’ असंच म्हणत आले. बँकेनं नाही, मी दिला. तुमच्या वर्कशॉपमध्ये, लेथशेजारच्या स्टुलावर बसून. भाऊजींनी विचारलं, “हा विमा कशाला?” मी म्हटलं, “त्याशिवाय कर्ज पास होत नाही.” ते हसले. “मेहुणी सांगतेय म्हणजे डोळे झाकून सही.” त्या महिन्यात माझ्या टार्गेटला दोन विमे कमी पडत होते.

एवढं तुला ठाऊक आहे. पुढचं नाही.

स्वतःचा धंदा असलेल्याला त्यातून छदाम मिळत नाही, हे कलम मी आधीच वाचलं होतं. ते पान मी उलटून धरलं आणि सहीची जागा दाखवली. भाऊजींचा हात मशीनमध्ये गेला, विमा कंपनीनं कानांवर हात ठेवले, तेव्हा तुझ्याबरोबर मीही त्यांना शिव्या घातल्या. थकलेल्या हप्त्यांपायी लेथ टेम्पोत चढवली त्या दिवशी तुझ्या शेजारी उभी राहून रडले. रडणं खरं होतं, ताई. पण तोंड उघडलं नाही.

बुधवारी मी माझा जबाब लिहून तुझ्या अर्जाला जोडला आणि नोंद करून घेतली. संध्याकाळी साहेब म्हणाले, “चौकशी होईपर्यंत घरीच थांबा.” तेव्हापासून घरी आहे. हे जेवायला समोर बसतात, पण बोलत नाहीत. तुला मात्र यांनी फोन करून सगळं सांगितलं, आणि काल तुझा फोन आला. “अर्ज मागे घेते. वर्कशॉप काही परत येत नाही, तुझी नोकरी तरी राहू दे.”

मी उत्तर न देता फोन ठेवला. रागानं नाही. त्या क्षणी मला अगदी मनापासून वाटत होतं, की तू तसंच करावंस.

म्हणून लिहितेय. फोनवर तू मला शेवटपर्यंत बोलू देणार नाहीस.

येत्या आठवड्यात तपास अधिकारी तुला विचारतील. तू नाही म्हणालीस, तर माझा जबाब खोटा ठरेल, पैसे बुडतील आणि मी पुन्हा त्याच टेबलावर बसेन. तुझ्या उपकारावर तिथे बसायचं बळ माझ्यात नाही. नोकरी जाण्याची भीती वाटते, तीही खोटी नाही. तरी माझं नाव सांग. लग्नाआधीचं. त्या सहीत आपलं दोघींचं आडनाव आहे.

हे पत्र भाऊजींना वाचून दाखव. मला त्यांच्यासमोर उभं राहायला तोंड नाही.

तुझीच, अजून म्हणवून घेतलंस तर,
धाकटी