'घरघर'च्या तीन कॅसेटी कोणी आणि कशा वाजवाव्यात याबद्दल

मी, सुनेत्रा धोंडिबा भोपी, वय ३९, धंदा ट्रान्सफॉर्मरचे कॉइल गुंडाळणे, राहणार मांजर्ली, बदलापूर पश्चिम, हे मृत्युपत्र स्वखुशीने लिहून ठेवते. मला कोणाचा धाक नाही आणि कसली लालूच नाही. दोन्ही करून पाहिलेल्या माणसाचे नाव पुढे येईलच. माझी शुद्ध पूर्णपणे जागेवर आहे. चित्त जागेवर आहे असे मात्र शपथेवर लिहू शकत नाही. सोमवारी पोटातल्या गाठीचे ऑपरेशन आहे. डॉक्टर म्हणतात, घाबरण्यासारखे काही नाही. मला घाबरायला सवडही नाही, कारण हा चौथा मसुदा आहे आणि आधीचे मी स्वतःच फाडले. शेजारच्या सुहासिनी कारखानीस वकील आहेत. त्या सांगतात तशी कलमे पाडून लिहिते आहे. जिथे मी कलमाबाहेर गेले तिथे त्यांनी समासात लाल रेघ मारली आहे. रेघ राहू द्यावी आणि मजकूरही राहू द्यावा.

कलम १. मांजर्ली येथील तळमजल्याच्या दोन खोल्या, स्वकष्टार्जित, माझा भाऊ दौलत धोंडिबा भोपी यास द्याव्यात. रागाने देते असे कोणी समजू नये. थोड्या रागाने देते. त्याने एका गणपतीत सगळ्या नातेवाइकांसमोर म्हटले होते की, बाईमाणसाने ओरडायचे ते भांडणात, माइकवर नाही. उल्हास नदीचे पाणी उंबऱ्याच्या आत आले की त्यालाही ओरडायला कारण मिळेल. तरी एक सूचना आहे. खिडकीच्या वर भिंतीत मी जाड फळी ठोकून घेतली आहे, ती काढू नये. पावसाळ्यात गाद्या आणि तांदूळ तिच्यावर ठेवावेत. काही झाले तरी भाऊ आहे, त्याचे हाल व्हावेत असे मला वाटत नाही.

कलम २. बँकेत आहे त्यातून ऑपरेशनने खाऊन जे उरेल ते दौलतच्या बायकोच्या नावे करावे. दौलतच्या नावे नव्हे. का, ते तिला माहीत आहे.

कलम ३. वाइंडिंगचे हातमशीन, पक्कड आणि तारेची रिळे ठमी वाघ हिला द्यावीत. ठमी बारवीकडच्या पाड्यावरून कामाला येते. तिला हे काम मी शिकवले आणि आता ती माझ्याशी वाद घालते, म्हणजे शिकली.

इथपर्यंत सगळे सोपे होते. यापुढच्या कलमांपायी आधीचे मसुदे फाटले.

कलम ४. लोखंडी कपाटात बिस्किटांच्या डब्यात तीन कॅसेटी आहेत. १९८६ ते ८८ या काळात 'घरघर' नावाच्या आमच्या बँडने जे काही वाजवले, ते एवढेच उरले आहे. आम्ही तिघे होतो. मी गात असे, महिपती सुर्वे गिटार वाजवी आणि टेकचंद, म्हणजे टेकू, ड्रम. उल्हासनगरला कॅम्प ४ मध्ये टेकूच्या वडिलांचा स्टॅबिलायझर बनवण्याचा छोटा कारखाना होता आणि मी तिथे कॉइल गुंडाळायला होते. काम सुटले की मशीनवर फडके टाकून तिथेच आम्ही वाजवत असू. टेकूचा ड्रम म्हणजे लग्नाच्या बँडवाल्याने टाकून दिलेला मोठा ढोल आणि वार्निशचे रिकामे डबे. चालू ट्रान्सफॉर्मरमधून जी घरघर येते, ती लपवायची नाही, तिलाच षड्ज मानून गायचे, असे आमचे ठरले होते. नाव त्यावरूनच पडले. माझे वडील म्हणाले, "अगं, घरघर माणसाला मरताना लागते. दुसरं काही सुचलं नाही?" टेकूला हे नाव फारच आवडले.

कॅम्प ४ मधल्या पेंटरने मात्र ते तोडून 'घर घर' असे रंगवले आणि बाजूला हौसेने तुळशीवृंदावन काढले. तो फलक पाहून अंबरनाथला शिवमंदिराच्या बाजूच्या एका मंडळाने आम्हाला नवरात्रात बोलावले. बायका चटया आणि कडेवरची मुले घेऊन आल्या. आम्ही सगळा जीव ओतून तीन गाणी वाजवली. मग पुढे बसलेल्या एका आजोबांनी अगदी सभ्यपणे विचारले, "ताई, मशीन चेक झालं ना? मग आता चालू करा की कार्यक्रम." त्या मंडळास मी काही देत नाही. आजोबा हयात असल्यास त्यांना माझा नमस्कार सांगावा.

कलम ५. महिपतीबद्दल. १९८९ साली कल्याण रस्त्यावर टँकरने टेकूची स्कूटर उडवली. टेकू गेला आणि बँडही त्याच आठवड्यात संपला. महिपती मुंबईला जाऊन जाहिरातींचे संगीत करू लागला. त्यात गैर काही नाही, पोट प्रत्येकाला आहे. पण आमच्या कॅसेटींच्या कॉपीच्या कॉपी कॉलेजच्या पोरांत इतकी वर्षे फिरत राहिल्या आणि आता मुंबईतल्या एका कंपनीला त्यांची सीडी काढायची आहे. महिपती ऑगस्टमध्ये कागद घेऊन माझ्या दारात उभा राहिला.

"सुनी, ऐक ना," तो म्हणाला. "ट्रॅक एकदम क्लीन करू. ती घरघर काढून टाकू, गाण्यांच्या मधली फालतू बडबड काढू. पब्लिकला तुझा तो बारीक, काचेसारखा आवाज पाहिजे. बाकी कचरा आहे."

मधली बडबड टेकूची आहे. तो एकाही गाण्यात गात नाही, गाण्यांच्या मध्ये बोलतो. ती काढली तर टेकू म्हणजे फक्त वार्निशचे डबे. मी तसे सांगितले, तर म्हणाला, "इमोशनल होऊ नको यार." मग माझे नाव सगळ्यात वर छापतो म्हणाला. मग म्हणाला, "सही नाय केलीस तर मी कॉपीवरून काढीन, मला काय." लालूच आणि धाक वर लिहिले आहेत ते हेच. चहा न पिता गेला.

मी सोमवारनंतर परत आले नाही, तर हा डबा दौलत महिपतीच्या हातात देईल आणि वर उपकार मानेल. टेकूचे बोलणे एका दुपारीत पुसले जाईल. मला चैन नाही ते गाठीमुळे नाही, यामुळे आहे. उठते, बसते, पंखा लावते, बंद करते. समोरच्या कौसाबाई विचारतात, "काय हरवलंय का?"

कलम ६. कॅसेटी कोणाला द्यायच्या हे ठरवण्यापूर्वी त्या ऐकाव्यात, म्हणून दिवाळीनंतर मी डबा उघडला. टेकू गेल्यापासून मी त्या लावल्या नव्हत्या. पहिले गाणे लावले, 'पाणी आले पायरीला'. मला वाटले, केवढी घाई करतो आहोत आपण. मग गाण्याच्या मागे अंबरनाथच्या कारखान्याचा भोंगा वाजला. तो भोंगा मी जन्मभर ऐकला आहे. खर्जातला, म्हशीसारखा. कॅसेटीत तो पोराच्या पिपाणीसारखा वाजला. भोंगा काही कोणाच्या मूडप्रमाणे वर सूर लावत नाही. मी टेप बंद केला.

जे झाले ते असे. आमचा टेप रेकॉर्डर एलिमिनेटरवर, म्हणजे सेलऐवजी विजेवर चाले. शेजारच्या गाळ्यात पत्रा कापण्याची प्रेस चालू झाली की व्होल्टेज पडे आणि टेप हळू फिरे. हळू फिरलेल्या टेपवर भरलेले गाणे नंतर पुऱ्या व्होल्टेजवर लावले की ते धावत सुटते आणि आवाज बारीक होतो. आम्ही अख्ख्या उल्हासनगरला व्होल्टेज सारखे ठेवणारे स्टॅबिलायझर करून देत होतो आणि आमच्या टेपला एक लावावा हे तिघांपैकी कोणालाही सुचले नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा.

आणि पुढचा मूर्खपणा ऐकावा. कॅसेट ऐकून आम्हाला वाटले की कार्यक्रमात आपण मंद वाजवतो. टेकू म्हणे, "टेप में देख कितना जोश है." म्हणून तो डबे अधिक जोरात बडवू लागला, महिपतीने तारा वर चढवल्या आणि मी त्या आवाजापर्यंत पोचायला घसा फाडू लागले. माझ्याच आवाजाची नक्कल करताना माझ्या घशातून रक्त पडले होते. लोक म्हणत, घरघरच्या गाण्यात काय बेचैनी आहे. ती बेचैनी शेजारच्या प्रेसची होती. मला हसू आले आणि मग फार वाईट वाटले.

कलम ७. टेकूची आई मोतीबाई कॅम्प ४ मध्ये त्याच घरात, कारखान्याच्या वर राहतात. खाली आता दुसऱ्याचे दुकान आहे. गेल्या गुरुवारी मी टेप आणि कॅसेटी घेऊन त्यांच्याकडे गेले. त्या आम्हाला नेहमी वरून ओरडत, "बाजा बंद करो, सिर फट गया." त्या दिवशी मात्र त्यांनी खुर्ची टेपला चिकटवून घेतली. पहिले गाणे संपले. टेकू बोलला, "सुनी, पानी दे ना. चिल्लाती तू है, प्यास मेरे को लगती है."

मोतीबाईंनी मान हलवली. "ये मेरा टेकू नहीं है. ये तो कोई छोकरा है."

इतकी वर्षे त्यांनी त्याच्या आवाजाची वाट पाहिली असणार, आणि मी त्यांना परका मुलगा नेऊन दाखवला. मग माळ्यावर कारखान्याचा जुना डिमरस्टॅट दिसला, म्हणजे मूठ फिरवून व्होल्टेज कमी-जास्त करायचे यंत्र. मी तो उतरवला, टेप त्याला जोडला आणि टेकूचे तेच वाक्य पुन्हा पुन्हा लावत मूठ हळूहळू मागे फिरवत गेले. पिपाणी उतरली. डब्यांना वजन आले. मोतीबाईंनी माझ्या हातावर हात ठेवला. "बस. इधरच." त्या रडत नव्हत्या. त्या त्याला पाणी द्यायला उठल्यासारख्या अर्ध्या उठल्या आणि परत बसल्या.

कॅसेट तशीच पुढे गेली, दुसरे गाणे सुरू झाले आणि त्यात मी गायला लागले. काचेसारखा आवाज गेला होता. जाड, जरा घोगरा, दिवसभर कॉइल गुंडाळून थकलेल्या बाईचा आवाज आला. मला तो सहन होईना. लोकांनी ज्याचे कौतुक केले, ते माझे एकमेव भूषण होते. मी मूठ पुढे फिरवायला गेले, तर मोतीबाईंनी हात सोडला नाही.

"रहने दे बेटा. ये तू है. वो दूसरी को मैं पहचानती नहीं थी."

टेकू खरा हवा तर मीही खरी हवी, दोघांपैकी एकाला निवडता येत नाही. हे कळायला मला तीन मसुदे लागले. मी तिथे डिमरस्टॅटवर खिळ्याने खूण केली.

म्हणून: तीनही कॅसेटी श्रीमती मोतीबाई यांस द्याव्यात. खूण केलेला डिमरस्टॅट मुळात त्यांचाच आहे. यंत्र आणि कॅसेटी वेगळ्या करू नयेत. सुहासिनीबाई म्हणाल्या, आपल्याहून दुपटीने मोठ्या माणसाला कोणी मृत्युपत्रात वारस करते का? मी करते.

कलम ८. मोतीबाईंच्या पश्चात हे सर्व, यंत्रापुरते त्यांच्या संमतीने, महिपती सुर्वे याला द्यावे. होय, महिपतीलाच. हे कलम मी दोनदा खोडले आणि दोनदा परत लिहिले. भांडायला का होईना, त्या खोलीत होता असा आता तोच एक उरला आहे. अट अशी: त्याने सीडी काढायची तर खुणेवरच्या वेगाने, घरघरीसकट आणि टेकूच्या प्रत्येक शब्दासकट काढावी. त्याआधी त्याने एकदा मोतीबाईंच्या त्या खुर्चीत बसून सगळे ऐकावे. त्याची स्वतःची गिटारही त्या वेगावर किती चांगली वाजली आहे, हे त्याला कोणीच कधी सांगितलेले नाही.

कलम ९. मी सोमवारनंतर घरी परत आले, तर कलम १ ते ८ आपोआप निकामी होतील. हे कलम मात्र मी जिवंत असतानाच लागू होईल. सुहासिनीबाईंनी याला रेघ मारली नाही, त्या म्हणाल्या की याला कायद्यात काही किंमत नाही, लिहा. टाके सुकले की महिपतीने कॅम्प ४ ला यावे आणि तारा खुणेच्या सुराला उतरवून आणाव्यात. ती कॅसेट भरल्यापासून 'पाणी आले पायरीला' मी एकदाही माझ्या आवाजात गायलेले नाही.

वरील सर्व मजकूर मी वाचला, पटला, आणि आता फाडणार नाही.

व्यवस्थापक: सुहासिनी कारखानीस, वकील
सही: सुनेत्रा धोंडिबा भोपी

आमच्या समक्ष सही झाली. मृत्युपत्रात आम्हाला काहीही मिळत नाही.
साक्षीदार: कौसाबाई शेलार, मांजर्ली
साक्षीदार: देऊ वाघ, बारवी रस्ता, बदलापूर

स्थळ: मांजर्ली, बदलापूर पश्चिम
दिनांक: १४ नोव्हेंबर १९९८