बिनबंदुकीची टिटवी

२ डिसेंबर
टिटवी काढणार आहेत. खेळ उघडला तर वरच नोटीस: नव्या वर्षाच्या अपडेटमध्ये कमी वापरातली वाहनं बाद. हलक्या टेहळणी गाड्यांत आमचीच पहिली. कंपनीने तिला अक्षरं आणि आकडे दिलेत; टिटवी हे नाव शालूने, माझ्या बायकोने, ठेवलेलं. शत्रू दिसला की त्याच्यावर खूण करायची आणि पळायचं, एवढंच तिचं काम. हत्यार नाहीच.
शालूने नोटीस वाचली, टॅब उशीवर पालथा ठेवला. "लावा म्हने डेपोत," म्हणाली आणि भाजी कोणती करायची ते विचारलं.
अर्धांगाचा झटका आल्यापासून तिचा उजवा हात मांडीवर पडून असतो. डाव्याला तरी कामात ठेवा, असं फिजिओवाली म्हणाली होती. लुडोचा तिला लगेच कंटाळा आला. मग हे युद्ध सापडलं. सगळ्या खेळात एका अंगठ्याने चालणारी गाडी ही एकच. तीसुद्धा यांना खुपली.

४ डिसेंबर
नोटीस पुन्हा वाचली. महिनाअखेरपर्यंत खेळाडू सुधारित गाडीचा प्रस्ताव देऊ शकतात. पाठिंबा मिळाला तर चाचणी. चाचणीत टिकली तर गाडी राहते. कॉलेजातून आलो तो थेट लिहायलाच बसलो. वर-खाली होणारा दुर्बिणीचा खांब. सुरुंगाचा धक्का बाजूला फेकणारा निमुळता तळ. पंक्चर होऊनही धावणारी चाकं. दबक्या आवाजाचं इंजिन. बंदूक नाही. सुरुवात अर्थात मानवी इतिहासात पाहणाऱ्याचं स्थान काय, इथून. तिथून केल्याशिवाय मला सुरुवात केल्यासारखं वाटत नाही.
शालूची एकच अट. "माह्या हाताचं तिथी काई लिहाचं नाई."
म्हटलं, अगं तोच तर मुद्दा आहे.
"मुद्दा तुमचा असन. हात माहा हाय."

६ डिसेंबर
सकाळी अभिवादन सभा. बरा बोललो, घसा बसला. घरी आलो तर प्रस्ताव परत. फार लांब, कृपया मुद्द्यांत आणि इंग्रजीत लिहा. इतिहासाचा पूर्ण परिच्छेद लाल. पाहणाऱ्याच्या गाडीबद्दल लिहिलेलं पाहायची यांना फुरसत नाही.

९ डिसेंबर
इंग्रजी करायला गजभिये सरांना दिलं. आमच्याच स्टाफरूमचे, समोरच्या खुर्चीतले. त्यांनी चहा संपायच्या आत सगळी विशेषणं उडवली. "निर्भय" गेलं, "तेजस्वी" गेलं. म्हटलं, सर, हाडं तरी ठेवा. तर म्हणे, "सर, गाडीचा प्रस्ताव आहे. गाडीची शोकसभा नाई."
उरलं ते पाठवलं. वाणसामानाची यादी वाटते.

११ डिसेंबर
यादी मंजूर! चर्चेला लागली. पहिलीच प्रतिक्रिया: बंदूक कुठाय? दुसरी: बंदूक कुठाय? तिसऱ्याने नुसतं हसणारं तोंड टाकलं. प्रत्येकाला सविस्तर उत्तर दिलं. माझं उत्तर लांबलं की लोक "थोडक्यात सांगा" लिहितात. जग थोडक्यात असतं तर ग्रंथालयं कशाला बांधली असती?

१४ डिसेंबर
आज शालूचा खेळ शेजारी बसून पाहिला. टॅब उशीवर, डावा अंगठा काचेवर, कानात हेडफोन. अर्धं आयुष्य मूल-चंद्रपूर एसटीवर कंडक्टर होती, ते काही जात नाही. नागपूर, वडसा, कुठकुठली पोरं तिच्या टीममध्ये, आणि ही त्यांना घंटी देते. "एक बेल" म्हटलं की सगळे रणगाडे जागच्या जागी. "डबल" म्हटलं की निघाले. वर्गात माझं एवढं कोणी ऐकत नाही.
डाव संपल्यावर पुन्हा हाताचा विषय काढला. यांना कळलं तर पाठिंबा धो धो येईल.
म्हणाली, "बजारात गेली का सारे पयले हात पाहाते, मंग तोंड. तिथी मले कोनी इचारत नाई, बाई हात कसा हाय म्हनून."
मी टॅब चार्जिंगला लावला.

१८ डिसेंबर
काल वडशाकडे नाटकाचं उद्घाटन. नाटक कंपनीवाला आधीच कानात सांगतो, सर, दहाच मिनिटं, लोक नाटकासाठी आलेत. तरी शेवटचं टाळीचं वाक्य वाया गेलं नाही. "ज्याच्या हातात काही नाही, त्याला या देशात कोण विचारतो?" दरवेळी मंडप उठतो.
प्रस्ताव जिथल्या तिथे. गजभिये सर म्हणतात, लिहिणं सोडा, बोला. रविवारी मराठी खेळाडूंची ऑनलाइन सभा ठरवली.

२१ डिसेंबर
सभा झाली. बोललो. पाहणारा माणूस म्हणजे काय, ते पोरांना पहिल्यांदा कळत होतं. श्वाससुद्धा ऐकू येत होते. शेवटी टाळीचं वाक्य आलंच तोंडात. ते मी आणलं नाही, ते येतं.
पोरं पेटली. अर्ध्या तासात पाठिंबा पूर्ण. वर दुरुस्ती एकमताने: सरांचं म्हणणं खरं आहे, रिकाम्या हाताला कोणी विचारत नाही, सबब टिटवीला छपरावर क्षेपणास्त्र द्यावं.
मी ओरडत होतो. कोणीतरी माझा माइक बंद केला होता. गोंगाट होतो म्हणून.

२२ डिसेंबर
शालू रात्री आतल्या खोलीत तिच्या टॅबवर सगळं ऐकत होती, हे आज कळलं. सकाळी चहाच्या वेळी म्हणाली, "गेले गाडी वाचवाले, अन् बंदूक मागून आले."
खेळाचा नियम असा की हत्यारबंद गाडीला खुणा केल्याचे गुण मिळत नाहीत, शत्रू मारला तरच मिळतात. आणि मारायचं तर डाव्याने चालवायचं, उजव्याने नेम धरायचा. म्हणजे टिटवी राहिली, शालू बाद.
चहा गार झाला. तिने त्यावरून टोमणाही मारला नाही. त्याचंच जास्त लागलं.

२५ डिसेंबर
दुरुस्तीवर हरकत घेतली. कंपनीच्या माणसाचं उत्तर सभ्य: बिनहत्यारी गाडी एखाद्याला का हवी असेल, याचं एक सबळ कारण द्या, मुदत ३१. एक! माझ्याकडे एकच आहे, आणि ते आतल्या खोलीत गहू निवडत बसलंय.
गजभिये सरांची युक्ती: नाव नको, "एक खेळाडू" म्हणा. शालूला वाचून दाखवलं.
"एक खेळाडू म्हंजे कोन, ते मले कळते."
पुसलं. मग त्याऐवजी संयम, करुणा, शस्त्रनिरपेक्ष शौर्य वगैरे लिहिलं. ते स्वतःच पुसलं. आयुष्यात पहिल्यांदा माझंच लिहिलेलं मला भाषण वाटलं.

२८ डिसेंबर
चाचणीची गाडी आली. खांब उत्तम, तळ उत्तम, इंजिन मांजरासारखं. शालूने टेकडीमागे नेऊन उभी केली, सगळ्या शत्रूंवर खुणा केल्या. गुण शून्य. नवीनच कोणी टीममध्ये होता. तो ओरडला, "मार ना बाई, झोपली का?" तिने गाडी पुढे काढली, डावा अंगठा उजवीकडच्या मारायच्या बटणाकडे नेला, तेवढ्यात गाडी खड्ड्यात.
तिने हेडफोन काढला. "बटन त्याहीनं दूर ठेवलं," एवढंच. आंघोळीला गेली.
त्या पोराला मी लिहिलेलं उत्तर इथेही लिहिण्यासारखं नाही. पाठवलं नाही.

३० डिसेंबर
टॅब दिवसभर कपाटावर. तिने मागितला नाही. मी दोनदा मुद्दाम कपाटाशी जाऊन आलो. "तिथी काय हरपलं?" म्हणाली. काही नाही म्हटलं.

३१ डिसेंबर
दुपारी जेवण झाल्यावर म्हणाली, टॅब काढा. वाटलं, खेळणार. तर चर्चेचं पान मागितलं. स्वतः लिहिणार. मराठीत, गजभिये सरांनी इंग्रजी करावं, पण एक शब्द कमी-जास्त करायचा नाही, हे फोनवर त्यांना बजावलं. सर "हो बाई" म्हणाले. माझ्या विशेषणांच्या वेळी हा आज्ञाधारकपणा कुठे होता?
काय लिहिते, हाताचं लिहिते की नाही, मला माहीत नाही. पाहायची परवानगी नाही. डाव्या अंगठ्याने एकेक अक्षर शोधते, पुसते, पुन्हा शोधते. मी बाजूच्या खुर्चीत हे लिहितोय. ऊन अंगणातून भिंतीवर चढलं. मुदत आज आहे, आणि अजून दोन-तीनच ओळी झाल्या असतील.
न राहवून विचारलं, शब्द अडलाय का, सांगू?
मान वर न करता म्हणाली, "एक बेल."